खडकवासल्याचा पत्ता

१८ नोव्हेंबर, मंगळवार

कुणीतरी पत्ता दिला. आपल्यातल्याच कुणीतरी!

काल दुपारी साडेतीनला पियुष मोटरसायकलवरून खडकवासल्याला पोचला आणि खातूनखालांच्या खानावळीत शिरला. आम्रपाली मागच्या पडवीत पोळ्या लाटत होती. केसाला धरून बाहेर ओढलं तिला. जेवायला बसलेली चार माणसं मध्ये पडली म्हणून निभावलं. मनगट मोडलं आहे. आणि जाताना तेजस्विनीला घेऊन गेला. सात वर्षांची पोर, नुकतीच शाळेतून आलेली, गणवेश अजून अंगावर.

अडीच महिने मायलेकी तिथे होत्या. चिटपाखरालाही कळलं नव्हतं. सप्टेंबरच्या पहिल्या मंगळवारी आम्रपाली अडलेल्या बायकांसाठी मी घेते त्या बैठकीला आली होती, माझ्या नवऱ्याच्या, दिग्विजयच्या जनसंपर्क कार्यालयाच्या वरच्या मजल्यावर, मागच्या जिन्याने. तो जिना मी भांडून वेगळा करून घेतला आहे. बायकांना खालच्या कार्यकर्त्यांसमोरून यावं लागू नये म्हणून. अंगावरची साडी, एका हातात पोर, दुसऱ्या हातात पोरीचं दप्तर. भंडाऱ्याकडची मुलगी. नवरा पियुष इथेच विश्रांतवाडीत, आमच्याच वॉर्डात, आमच्याच पक्षाचा बूथप्रमुख. दिग्विजय दोनदा नगरसेवक झाला, दोन्ही वेळी हा मतदारयाद्या बगलेत मारून दारोदार फिरला. बाहेर ‘वहिनी, वहिनी’. घरात कमरेचा पट्टा.

तिला ठेवायचं कुठे, हा प्रश्न होता. मिसबा म्हणाली, माझ्या खालाकडे, मावशीकडे ठेवू. मिसबा म्हणजे बैठकीची वकील, चार वर्षं माझ्याबरोबर. तिनेच नेलं. तिनेच साधा फोन घेऊन दिला, नेट नसलेला, नवं सिम घातलेला. सगळं नीट विचार करून.

ठिकाण ठाऊक होतं मला आणि मिसबाला. दिग्विजयला मी एकदा गाडीत बोलले होते. पुढच्या सीटवर संतोष होता — दिग्विजयचा स्वीय सहायक. मान पुढे, कान मागे.

शनिवारच्या कोथरूडच्या भाषणाच्या आनंदात होते मी! सभागृह उठून उभं राहिलं होतं. संतोषने त्यातला एक मिनिटाचा तुकडा कापून नेटवर टाकला, दोन दिवसांत लाखभर लोकांनी पाहिला. आणि इकडे हे.

शोधून काढणार.

१९ नोव्हेंबर

सकाळी पोलीस ठाण्यात. साहेबांनी चहा मागवला, तेव्हाच कळलं की काम होणार नाही. म्हणाले, बाप आपल्या मुलीला घेऊन गेला, त्याला पळवून नेणं कसं म्हणू? मारहाणीची तक्रार द्या, घेतो. पण तो म्हणणार — बायको हरवली होती, जेवायला गेलो, अचानक दिसली, डोकं फिरलं. मुलगी हवी तर कोर्टात जा. आणि तिथे दाखवा की तो माग काढत आला, ठरवून आला. कसा आला ते आणा.

मिसबाही तेच म्हणते. तो कसा पोचला हे सांगता आलं तर तो धोका आहे. सांगता आलं नाही तर योगायोग आहे. आणि पोर त्याच्याकडेच.

तिथून खडकवासल्याला. आम्रपालीचा हात गळ्यात बांधलेला. रडत नव्हती. तिने एकच विचारलं.

“मी कोणाले नाही सांगितलं वहिनी. मायलेही नाही. मंग त्याले कोणी सांगितलं?”

म्हटलं, तुझ्या पोरीची शपथ, शोधून देते.

“पोरीची नका घेऊ,” म्हणाली.

खातूनखाला दारात तांदूळ निवडत होत्या, माझ्याशी बोलल्या नाहीत. एरवी किती अगत्य! मिसबा संध्याकाळी आम्रपालीला दुसरीकडे हलवणार आहे. कुठे, विचारलं. म्हणाली, “ताई, आता कुणालाच नको.”

बरोबर आहे. पण मला?

२० नोव्हेंबर

संतोषच्या खोलीत गेले. भिंतीवर पडदा आहे, कार्यालयातले सगळे कॅमेरे त्यावर दिसतात. मागच्या जिन्याचासुद्धा! हा कॅमेरा कधी लावला? कुणाला विचारून? म्हणजे मंगळवारी कोण येतं, कोण जातं, सगळं याच्या डोळ्यांसमोर. आणि पियुषचा अड्डा खालीच.

विचारलं सरळ. खुर्चीतून उठला, अदबीने म्हणाला, “वहिनी, तो कॅमेरा दिवाळीपासून बंद आहे. दुरुस्तीवाल्याला सांगितलंय. तेव्हापासून उद्या येतो म्हणतोय.” पडद्यावर त्या जागी खरंच काळा चौकोन होता. पण दिवाळीच्या आधी? आम्रपाली सप्टेंबरात आली.

नजर देत नाही तो. माझ्या मागच्या कॅलेंडरकडे बघून बोलत होता.

संतोषने मला काही विचारलं नाही. आम्रपाली कशी आहे, हेही नाही. ज्याला माहीत असतं तो विचारत नाही!

तेव्हाच ठरवलं. त्याला जाता जाता, सहज बोलल्यासारखं सांगितलं की आम्रपालीला कोथरूडला ठेवलंय, आणि माझ्या एका मैत्रिणीच्या सोसायटीचं नाव घेतलं. मैत्रिणीला फोन करून ठेवला. फाटकावरच्या वॉचमनला पियुषचा फोटो दाखवायचा, आला तर कळवायचं. दिग्विजयला दुपारी जेवताना वेगळंच सांगितलं. आळंदी रस्त्यावरचं एक वसतिगृह. तिथल्या बाई माझ्या ओळखीच्या, त्याही लक्ष ठेवतील.

जिथे पियुष जाईल, तिथून माणूस कळेल.

दिग्विजय वरण ओढून घेत म्हणाला, “बरं.” एवढंच.

२२ नोव्हेंबर

कोथरूडला कुणी नाही. आळंदी रस्त्यालाही कुणी नाही. वॉचमनने पियुषसारख्या दिसणाऱ्या एका कुरिअरवाल्याला अर्धा तास उभं करून ठेवलं, मैत्रिणीला माफी मागावी लागली.

निराश झाले! नवरा निर्दोष निघतोय म्हणून निराश. हे काय चाललंय माझं?

पण एक आहे. सावध झाला असेल.

२३ नोव्हेंबर, रविवार

दिग्विजय घरी होता. पोहे. पेपर. मी विचारलं, पियुषशी शेवटचं कधी बोललास?

“दीपा, तो आपला कार्यकर्ता आहे. दिवसातून चारदा बोलतो.”

आम्रपालीबद्दल?

पेपरची घडी घातली. परत उघडली. मग म्हणाला की पियुषला त्याने झापलं आहे, पोरीला आईला भेटू दे म्हणून सांगितलं आहे, ऐकेलसं वाटत नाही. आणि हे प्रकरण आता फार ताणू नकोस. पुढच्या दोन आठवड्यांत उमेदवारांची यादी येईल.

यादी! आमचा वॉर्ड यंदा महिलांसाठी राखीव. सोडत निघाली त्या दिवशी संध्याकाळी चौकात फ्लेक्स लागला. दिग्विजयचा पुरुषभर फोटो, शेजारी बशीएवढी मी, खाली ‘सौ.’ लावून. मी तो उतरवायला लावला. म्हटलं, उभी राहीन तर स्वतःच्या कामावर. चार वर्षं दर मंगळवारी बसते, दोनशेच्या वर बायका येऊन गेल्या, सदतीस जणींचे खटले उभे केले. नवऱ्याची जागा राखायला नाही उभी राहणार मी. फ्लेक्स बदलला. आता दोघंही सारखे मोठे.

तर तो म्हणाला — “तुझं कोथरूडचं भाषण अजून फिरतंय. वरच्यांनी पाहिलंय. सध्या त्याबद्दल काही बोलूच नकोस.”

भाषणाबद्दल कोण बोलतंय? मी पत्त्याबद्दल विचारतेय, हा भाषणाकडे वळवतोय. अशी वळणं मी ओळखते, वीस वर्षं व्यासपीठावर काढली आहेत. आणि बोलताना एकदाही वर बघितलं नाही त्याने.

दिग्विजयला माहीत आहे. काय, ते कळत नाही. पण माहीत आहे.

२५ नोव्हेंबर, मंगळवार

बैठकीला चौघी! एरवी पंचवीस-तीस असतात, जिन्यात बसतात. आज सतरंजी अंथरली ती तशीच दिसत राहिली.

चौघींतल्या एकीने पदर दातात धरून विचारलं, “इथलं बाहेर जात नाही ना वहिनी?” मी म्हटलं, या खोलीतलं या खोलीत राहतं, माझा शब्द आहे. बाकीच्या तिघींनी एकमेकींकडे पाहिलं. मिसबा वहीत काहीतरी लिहीत राहिली. मान वर केली नाही.

बायका गेल्यावर मी दार लावलं.

दोन दिवस मनात होतं ते बोलले. मिसबाचा भाऊ अरबाज साउंड लावतो. दिग्विजयच्या सभांचं कामही त्याच्याकडे. गेल्या महिन्यात त्याचे स्पीकर टेम्पोत चढवताना पियुष त्याच्याबरोबर होता, मी स्वतः पाहिलं आहे. अरबाज खालाकडे जातो-येतो. तिथे त्याने आम्रपालीला पाहिलं असणारच. मुद्दाम नाही, बोलता बोलता निघून गेलं असेल त्याच्या तोंडून —

मिसबाने पेनाला टोपण लावलं.

“घर आमचं, म्हणून शंकाही आमच्यावर. सोयीचं आहे ताई. फार लांब जावं लागत नाही.”

मी म्हटलं, असं वाकडं बोलू नकोस, मी सगळ्यांनाच विचारतेय, नवऱ्यालासुद्धा.

“सगळ्यांना विचारलंत?”

हो, म्हटलं.

“एकजण राहिलं,” म्हणाली. आणि बैठकीच्या कागदांच्या कपाटाची किल्ली टेबलावर ठेवून गेली.

कोण राहिलं? किती वेळ तिथेच बसले. खातूनखालांना नाही विचारलं. त्या राहिल्या की काय?

एक गोष्ट इथे लिहिते, कारण इथे तरी खोटं नको. अरबाजचं नाव माझ्या मनात पहिल्यांदा आलं, त्याच्या आधी त्याचा टेम्पो आला नव्हता. त्याचं नावच आलं होतं. टेम्पोचं मी मग आठवून काढलं. या विषयावर मी किती सभा घेतल्या आहेत!

२६ नोव्हेंबर

मिसबा फोन उचलत नाही. आम्रपाली कुठे आहे, मला माहीत नाही.

२९ नोव्हेंबर, शनिवार

आज कळलं.

सकाळी अकराच्या सुमाराला पियुष आला. पुढच्या जिन्याने, उघड उघड. दाराबाहेर बूट काढले. इस्त्रीचा शर्ट. हातात अर्ज. तेजस्विनीला इथल्या जवळच्या शाळेत घालायचंय, वर्षाच्या मध्येच प्रवेश म्हणजे नगरसेवकांचं शिफारसपत्र लागतं, साहेब बाहेरगावी आहेत, तर वहिनींनी सांगितलं तर संतोष देईल.

माझ्याकडे! माझ्याकडे शिफारस मागायला आला!

मी उभी राहिले. म्हटलं, अर्ज ठेव खाली. आधी एक सांग. खडकवासल्याचा पत्ता तुला कुणी दिला? नाव सांग त्याचं. साहेब असोत, संतोष असो, अरबाज असो.

तो माझ्याकडे बघत राहिला. मला वाटलं, बनाव करतोय. नव्हता करत. खरंच गोंधळला होता. मी त्याची परीक्षा घेतेय असं काहीतरी वाटलं असावं त्याला.

“वहिनी, तुम्हीच सांगितलं ना.”

आणि खिशातून फोन काढला.

ते एक मिनिट मी दोनशे वेळा तरी पाहिलं असेल. किती जणांनी पाहिलं ते बघायला उघडत होते, आणि माझा आवाज वर जातो ती जागा बघायला. आज पियुषच्या हातात पाहिलं.

“तिचं नाव सुनंदा समजा” — मी म्हणते. नाव बदललं होतं. भंडारा होतं त्याचं गोंदिया केलं होतं. केवढी ही खबरदारी! मग हात वर करून — “एका हातात पोर, दुसऱ्या हातात पोरीचं दप्तर, दप्तरावर जांभळं फुलपाखरू!” टाळ्या. आणि मग शेवट — “आज ती एका खानावळीत दोनशे पोळ्या लाटते. पहाटे तिच्या दारात धरणावरचा वारा येतो, आणि पलीकडून देशाचे भावी अधिकारी कवायत करतात त्यांच्या हाका ऐकू येतात. तिकडे देशाचं रक्षण शिकणारी मुलं, आणि इकडे स्वतःचं रक्षण स्वतः करणारी ही बाई! सांगा, पदक कुणाला द्याल?”

सभागृह उभं.

हे लिहून नेलेलं नव्हतं. उभ्या उभ्या सुचलं. इकडे-तिकडे जमून आलं म्हणून घातलं. एवढ्यासाठी!

पियुष सांगत होता, सहज, बूथच्या कामाचा वृत्तान्त देतात तसं. भाषण भारी होतं म्हणून त्याने स्वतःच बूथच्या ग्रुपवर टाकलं. तिसऱ्यांदा ऐकताना फुलपाखराशी थांबला — ते दप्तर त्यानेच घेऊन दिलेलं. रविवारी बसून काढलं. धरण आणि कवायत म्हणजे ठिकाण एकच, खडकवासला. त्या भागात खानावळी चारच. सोमवारी निघाला, तिसऱ्या खानावळीत सापडली.

“मला वाटलं, तुम्ही समेट व्हावा म्हणून खूण केली असेल,” म्हणाला. “आपलं माणूस आहे म्हणून.”

त्याने अर्ज टेबलावर ठेवला, नमस्कार केला, बूट घातले आणि गेला.

३० नोव्हेंबर

दिग्विजय परत आला. त्याला म्हटलं, मला कळलं.

त्याने हातातली बॅग खाली ठेवली. “सुटलो,” म्हणाला.

त्याला त्याच सोमवारी संध्याकाळी कळलं होतं! संतोषने सांगितलं. संतोषला पियुषने. खाली कार्यालयात सगळ्यांना ठाऊक होतं. चहावाल्या मावशींनासुद्धा. मी मात्र कॅमेरे मोजत, वॉचमन पेरत हिंडत होते, आणि सगळे अदबीने बाजूला होऊन मला वाट देत होते. आणि मंगळवारी त्या बायका! चौघींनाही माहीत होतं. माझ्या तोंडावर विचारलं तिने, इथलं बाहेर जात नाही ना. मी शब्द दिला!

सांगितलं का नाहीस, विचारलं.

“तुला?” एवढंच म्हणाला. मग, “तू बोलायला लागलीस की तुझ्या मध्ये कोण पडतं घरात, सांग बरं.”

संतोषला वर बोलावलं. तो म्हणाला की तुकडा कापताना त्याच्या मनात आलं होतं, पण त्याला वाटलं, वहिनींनी त्या बाईला विचारूनच घातलं असेल. न विचारता वहिनी घालणार नाहीत.

विचारलं नव्हतं. विचारायचं असतं हे सुचलंसुद्धा नव्हतं. तिची गोष्ट मला माझीच वाटत होती.

तो तुकडा अजून फिरत होता. साडेतीन लाख. काढायला लावला.

२ डिसेंबर, मंगळवार

बैठक घेतली नाही. गंज पेठेत मिसबाच्या घरी गेले.

दार अरबाजने उघडलं. पाणी आणून दिलं. मी म्हटलं, अरबाज, मी तुझ्यावर आळ घेतला, चुकले. तो म्हणाला, “कोथरूडला स्पीकर माझेच होते वहिनी. आवाज मागच्या रांगेपर्यंत स्वच्छ गेला पाहिजे, एवढंच माझं काम.” आणि आत निघून गेला. याहून कमी शब्दांत मला कुणी काही सुनावलेलं नाही.

मिसबाला पहिल्या दिवसापासून माहीत होतं. “वाट बघत होते,” म्हणाली. “तुम्ही स्वतः म्हणाल असं वाटत होतं. तुम्ही अरबाजचं नाव घेतलंत.”

मी सांगितलं, तुकडा काढून टाकला. तिने डोळे मिटले. म्हणाली, तो पुरावा होता. ती घटना घडली त्याच दिवशी तिने उतरवून ठेवला म्हणून बरं.

मग मी सांगितलं, माझं ठरलं आहे. जाहीर माफी मागणार, त्याच कोथरूडच्या सभागृहात, उभी राहून सांगणार की बायकांची दुःखं वापरणारे आपणही —

“ताई, भाषण नको.”

मी थांबले. मला कळलं की दोन वाक्यं माझी तयारच होती. येताना रिक्षात जमली होती. चांगली होती.

तिने कोरा कागद काढला. दोन ओळी लिहा, म्हणाली. अमुक दिवशी, अमुक ठिकाणी, आम्रपालीच्या संमतीशिवाय तिच्या राहण्याच्या जागेचं वर्णन मी जाहीर भाषणात केलं. त्यावरून शोधल्याचं तिच्या नवऱ्याने माझ्यासमोर मान्य केलं. खाली सही. यावर कोर्टात उभं राहता येतं. पोर परत मिळू शकते.

पेन हातात घेतलं. यादी तीन दिवसांवर आहे. असा कागद फुटला तर विरोधी पक्षाला वेगळा प्रचार करायची गरज नाही. माझी उमेदवारी गेली, दिग्विजयचा वॉर्ड गेला, बैठकही गेली. मग पुढच्या दोनशे जणींचं काय? हे सगळं एका क्षणात डोक्यात आलं, आणि अगदी मुद्देसूद आलं.

उद्या देते, म्हटलं.

मिसबाने कागद परत वहीत ठेवला. “आम्रपालीला काय सांगू?”

उद्या देते म्हणून सांग.

३ डिसेंबर

कागद दिला नाही.

दिग्विजय म्हणतो, देऊ नको असं मी म्हणत नाही. शुक्रवारी यादी येऊ दे, नाव लागू दे, मग दे. निवडून आलीस तर पोरीला परत आणायला ताकद जास्त असेल. दोन दिवसांनी काय फरक पडतो?

पटलं. लगेच पटलं, हेच खटकतं आहे. गेले दोन आठवडे मी प्रत्येकाचे डोळे तपासत होते, कोण बघतं, कोण चुकवतं. आज आरशासमोर केस विंचरताना भांगाकडेच बघत होते.

५ डिसेंबर, शुक्रवार

माझं नाव यादीत आहे. चौकात फटाके. हार. पेढे. पियुष हलगीपुढे नाचत होता.

पुस्तकांच्या कपाटापुढे उभी राहिले. चार फळ्या नुसत्या स्त्रियांच्या प्रश्नावर. खुणांच्या चिठ्ठ्या घातलेल्या, पेन्सिलीने रेघा ओढलेल्या. त्यातली निम्मी वाक्यं माझ्या भाषणांत येऊन गेली आहेत.

कागद घेऊन बसले. दोन ओळी! ‘वर्णन केलं’ लिहिलं, खोडलं. ‘अनवधानाने उल्लेख झाला’ लिहिलं. वाचलं. फाडलं.

मिसबाचा फोन नाही. मीही केला नाही.

६ डिसेंबर

प्रचाराचा आराखडा. संतोष म्हणाला, पहिली सभा कोथरूडच्या भाषणासारखीच व्हायला हवी वहिनी, तसलंच एखादं उदाहरण —

बोलता बोलता स्वतःच गप्प झाला.

८ डिसेंबर, सोमवार

सकाळी पोलीस ठाण्यातून फोन. आम्रपालीने लेखी तक्रार दिली आहे. पियुषविरुद्ध आणि माझ्याविरुद्ध. मिसबा तिच्याबरोबर होती. साहेबांनी मला वाचून दाखवली. दीड पान, साधं, सरळ. एक शब्द वाढवावा, एक कमी करावा असं कुठे वाटलं नाही. मग ते आवाज खाली आणून म्हणाले, “वहिनी, दुसरं नाव बाईंनी घाईघाईत घातलेलं दिसतंय. अजून नोंद केलेली नाही. काढायला सांगू का?”

दिग्विजय समोर उभा होता. मानेने हो म्हण, हो म्हण करत होता.

म्हटलं, काढू नका. अकरा वाजता जबाब द्यायला येते.